कार्ल्सरूहचे तीन दिवस

शिरका ही काही फार गूढ वस्तू नव्हे. उसाचा रस मडक्यात भरून ठेवला की काही दिवसांनी तो आंबतो आणि त्याचा शिरका होतो, हे आपल्या आजीपणजीलाही ठाऊक होते. हा आंबटपणा ज्या पदार्थामुळे येतो त्याला रसायनशास्त्रात ॲसेटिक आम्ल म्हणतात. १८६१ साली केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे सेंद्रिय रसायनावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका पानावर या आम्लाची त्या काळी प्रचारात असलेली सूत्रे ओळीने छापली आहेत. ती किती असावीत? एकोणीस! आम्ल तेच, बाटली तीच, नाकाला झोंबणारा वासही तोच. पण कागदावर त्याची एकोणीस रूपे. एकाच मुलाची पत्रिका एकोणीस ज्योतिषांनी मांडावी आणि प्रत्येकाने जन्मवेळ मात्र आपापली धरावी, तसलाच हा प्रकार.

रसायनशास्त्र शिकवण्यात माझे सारे आयुष्य गेले. ‘अणू’ आणि ‘रेणू’ हे दोन शब्द फळ्यावर मी किती हजार वेळा लिहिले असतील, देव जाणे. आज आठवी-नववीतला मुलगा या दोहोंतला भेद धडाधड म्हणून दाखवतो आणि लगेच मैदानावर पळतो. एवढा सोपा भेद ठरवून घेण्यासाठी युरोपातल्या सव्वाशेहून अधिक विद्वानांना आपापली गावे सोडून एका शहरात जमावे लागले होते, हे त्याला सांगितले तर तो हसेल. मला मात्र ही हकिकत रसायनशास्त्राच्या इतिहासातली सर्वांत मनोरंजक हकिकत वाटते. म्हणून ती यंदा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

घोळाचे मूळ फार जुने. इंग्लंडातल्या जॉन डाल्टनने १८०८ साली आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू असतात आणि प्रत्येक जातीच्या अणूचे वजन ठरलेले असते, हे त्याचे म्हणणे. ते वजन काढायचे कसे? अणू काही तागडीत घालता येत नाही. पाण्याचे पृथक्करण केले तर एक भार हायड्रोजनला आठ भार ऑक्सिजन निघतो. तागडी एवढेच सांगते. आता पाण्याच्या कणात दोन्हींचा एकेकच अणू असेल, तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड. पण हायड्रोजनचे अणू दोन असतील, तर तो सोळापट जड. आठ की सोळा? डाल्टनने सोपे ते खरे असे मानले आणि एकास एक असा हिशेब केला. म्हणजे पाणी हे आपण म्हणतो तसे ‘एच-टू-ओ’ नसून नुसते ‘एच-ओ’ ठरले.

गंमत अशी की, या कोड्याचे उत्तर तीन वर्षांतच छापून झाले होते. दोन घनफळे हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन यांच्यापासून दोन घनफळे वाफ होते, हे फ्रान्समधल्या गे-ल्युसाकने दाखवले होते. त्यावरून इटलीतल्या काउंट ॲव्होगाड्रोने १८११ साली एक विलक्षण अनुमान काढले. तापमान आणि दाब सारखा असेल तर कोणत्याही वायूच्या समान घनफळात कणांची संख्या समानच असते. आणि हायड्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या वायूंचा प्रत्येक कण हा दोन अणूंचा जोड असतो, म्हणूनच तो संयोगाच्या वेळी दुभंगू शकतो. आजच्या भाषेत, रेणू वेगळा आणि अणू वेगळा. हा लेख पॅरिसच्या एका मान्यवर नियतकालिकात, फ्रेंच भाषेत आला. तो दडून राहिला असे म्हणायला जागाच नाही.

पण त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. त्या काळी रसायनशास्त्राच्या राज्यात स्वीडनच्या बर्झेलियसचा शब्द चाले. अणू एकमेकांना धरून राहतात ते विरुद्ध विद्युत्‌भारांमुळे, अशी त्याची उपपत्ती होती. मग एकाच जातीचे दोन अणू जोडीने राहणार कसे? झाले, काउंटसाहेबांचे अनुमान बाजूला पडले. फ्रान्सच्या द्यूमाने वाफांची घनता मोजून त्या वाटेने जाण्याचा प्रयत्न केला, पण गंधक, पारा अशा पदार्थांपाशी हिशेब अडला. वैतागून १८३६ च्या सुमारास तो आपल्या व्याख्यानांत म्हणू लागला की, माझ्या हाती असते तर ‘अणू’ हा शब्दच मी शास्त्रातून पुसून टाकला असता. ॲव्होगाड्रो १८५६ साली तुरिनमध्ये वारला, तेव्हा त्याचे वय ७९ वर्षांचे होते. त्या लेखाला तोवर पंचेचाळीस वर्षे होऊन गेली होती.

या घोळाचा रोजच्या कामाला किती जाच होत असेल, याची कल्पना करून पाहा. कुणी कार्बन ६ धरी, कुणी १२. ऑक्सिजन कुणाचा ८, कुणाचा १६. फ्रेंच नियतकालिक उघडले की आधी त्यातली सूत्रे आपल्या हिशेबात उतरवून घ्यायची, मगच पुढे वाचायचे. कुणी ‘अणू’ म्हणे त्याला दुसरा ‘रेणू’ म्हणे, तर तिसरा दोन्ही शब्द टाळून ‘तुल्यभार’ म्हणे. प्रयोग उत्तम होत होते, नवी संयुगे रोज निघत होती. आणि ती लिहून ठेवायची भाषा मात्र बाबेलच्या मनोऱ्यातली!

ऑगुस्ट केकुले तेव्हा बेल्जममध्ये गेंट येथे प्राध्यापक होता, वय तीस. १८५९ च्या शरदऋतूत त्याने कार्ल्सरूहच्या पॉलिटेक्निकमधल्या कार्ल वेल्त्सिएन यांच्यापुढे कल्पना मांडली की, सगळ्या देशांतल्या रसायनशास्त्रज्ञांना एकदा एका ठिकाणी बोलवावे. पॅरिसचा वुर्त्स त्यांना मिळाला. १८६० च्या मार्चअखेर हे तिघे पॅरिसमध्ये भेटले, आणि जुलैत जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा तीन भाषांत निमंत्रणपत्र निघाले. खाली पंचेचाळीस जणांची नावे. शास्त्र म्हणावे तर लग्नपत्रिकाच ती!

कुणी म्हणेल, यासाठी परिषद कशाला? केकुलेने एक खणखणीत लेख लिहायचा होता. पण लेखांनीच तर हा गुंता वाढवला होता. आणखी एक लेख म्हणजे शिरक्याचे विसावे सूत्र! लिहिणारा आपले शब्द आपल्या अर्थाने वापरतो, वाचणारा ते आपल्या अर्थाने घेतो; मध्ये थांबवून “अहो, रेणू म्हणजे तुम्ही नेमके काय समजता?” असे विचारायला कागदाला तोंड नसते.

याचा एक बारीकसा अनुभव मलाही आहे. शिरक्यात आम्ल किती हे काढण्याचा प्रयोग महाविद्यालयात करवून घेतात. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे, ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचे पाणी थेंब थेंब सोडायचे आणि द्रव ‘फिकट गुलाबी’ झाला की थांबायचे. नागपूरकडच्या एका प्राध्यापकमित्राशी माझा या प्रयोगावर वर्षभर पत्रव्यवहार चालला होता. आम्ही दोघे एकमेकांना तोपर्यंत फक्त हस्ताक्षराने ओळखत होतो. त्यांच्या मुलांचे आकडे माझ्या मुलांच्या आकड्यांपेक्षा नेहमी थोडे जास्त येत. सोडा तपासला, काचसामान तपासले, पाणी तपासले. चार-चार पानी पत्रे झाली. पुढे एका परिषदेत आमची गाठ पडली. चहाच्या वेळी त्यांनी पाहुण्यांच्या गुच्छातली एक पाकळी काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “हे पाहा, हा आमचा फिकट गुलाबी.” मी त्याच गुच्छातले दुसरे, जवळजवळ पांढरे फूल दाखवले आणि म्हटले, “आणि हा आमचा.” वर्षाची पत्रे एका पाकळीत संपली. ‘फिकट’ हा शब्द दोघांनीही चांगला डझनभर वेळा लिहिला होता.

असो. निमंत्रितांनी कार्ल्सरूहची वाट धरली. हे घडू शकले ते आगगाडीमुळे, हेही विसरता कामा नये. कार्ल्सरूहला १८४३ सालीच रूळ पोचले होते. आपल्याकडे त्या वेळी मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तीन वर्षे झाली होती आणि बोरघाटातून गाडी जायला आणखी तीन वर्षे होती. बाडेनच्या ग्रँड ड्यूकची ही राजधानी मोठी देखणी. राजवाडा मध्ये धरून तिथून पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते निघतात. विधिमंडळाचे सभागृह या मंडळींसाठी उघडून दिले होते. ३ सप्टेंबर १८६० रोजी तिथे जर्मन, फ्रेंच, इंग्रज, रशियन, इटालियन असे नाना देशांचे लोक जमले. हायडेलबर्गचा बुन्सेन, ज्याच्या नावाचा बर्नर आजही शाळेच्या प्रयोगशाळेत जळतो, तो होता. मेंडेलीव्ह नावाचा सव्वीस वर्षांचा रशियन तरुण शिक्षणासाठी हायडेलबर्गला राहिला होता, तोही आला. त्याच्याबरोबर बोरोदिन होता. हाच तो बोरोदिन, ज्याचे संगीत आज जगभर वाजते आणि जो आपल्याला रसायनशास्त्रज्ञच समजत असे. दूर ब्रेस्लाऊहून तीस वर्षांचा लोथर मायर आला होता.

आणि जेनोआहून आला होता स्तानिस्लाओ कानिझारो. या गृहस्थाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. हा सिसिलीतल्या पालेर्मोचा. वडील राजाच्या पोलीस खात्यातले बडे अधिकारी. आणि मुलगा १८४८ साली त्याच राजाविरुद्धच्या उठावात तोफखान्याचा अधिकारी! उठाव फसला. एकोणपन्नास साली तो बोटीने फ्रान्सला निसटला आणि पॅरिसमध्ये पुन्हा परीक्षानळ्या हातात धरल्या. नंतर आधी आलेसांद्रियाला आणि १८५५ पासून जेनोआला प्राध्यापकी. तिथे धड प्रयोगशाळाही मिळाली नव्हती. पुढे १८६० च्या मे महिन्यात गॅरिबाल्डीने पालेर्मो घेतले, तेव्हा हा पुन्हा मातृभूमीकडे धावला. तिथून तो कार्ल्सरूहला आला. परिषद संपून दोन दिवस होतात तोच, ७ सप्टेंबरला, गॅरिबाल्डी नेपल्समध्ये शिरला. एकीकडे देश एक होत होता, आणि हा मनुष्य कार्बनचा अणू सहा की बारा यावर भांडत होता. मला हे दोन्ही एकाच स्वभावाचे वाटते.

जेनोआच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी त्याने एक क्रम बांधला होता, आणि १८५८ साली तो पत्ररूपाने पिसाच्या एका नियतकालिकात छापला होता. त्यात त्याने ॲव्होगाड्रोला थडग्यातून उठवून उभे केले होते. युक्ती अगदी साधी. समजा, वाण्याच्या कोठारात बंद पोती आहेत आणि त्यांत इतर मालाबरोबर गुळाच्या सारख्या ढेपा आहेत. पोते न फोडता प्रत्येकातल्या गुळाचे वजन तुम्हाला काढता येते. कशात १२ शेर निघतो, कशात २४, कशात ३६. पण ६ किंवा १८ कधीच निघत नाही. मग एका ढेपेचे वजन किती? कानिझारोने निरनिराळ्या वाफांच्या घनतेवरून रेणूंची वजने काढली, प्रत्येक रेणूतला कार्बन हिशेबाने वेगळा केला, आणि आकडे आले बाराच्या पटीत. कार्बन बाराच, ऑक्सिजन त्याच न्यायाने सोळा. ज्या धातूंची वाफ करणे कठीण, त्यांच्यासाठी त्याने विशिष्ट उष्णतेचा ताळा घेतला. यात नवा प्रयोग जवळजवळ एकही नव्हता. सगळा माल जुनाच. मांडणी तेवढी नवी.

पण हे सारे दोन वर्षे छापून पडले होते, आणि जर्मनीत किंवा रशियात त्याने कुणाची झोप उडाली नव्हती. लिखाण इटालियन, नियतकालिक पिसाचे, लिहिणारा जेनोआचा एक निर्वासित प्राध्यापक. कोण वाचतो?

परिषदेचे कामकाज म्हणाल तर ते इतर परिषदांसारखेच चालले. वेल्त्सिएनने स्वागत केले. एकाच शास्त्राचे इतक्या देशांतले उपासक प्रथमच असे एकत्र येत आहेत, असे सांगितले. मग समिती नेमली गेली. आपल्याकडेही जिथे चार विद्वान तिथे समिती, त्यातलाच प्रकार. समितीत केकुले म्हणू लागला की, भौतिक रेणू आणि रासायनिक रेणू या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतील. कानिझारोने तिथेच हरकत घेतली: हा भेद कशाच्या आधारावर? वाफेची घनता जो रेणू दाखवते, तोच रसायनाचाही रेणू. हा वाद नियतकालिकांतून झाला असता तर त्याला दोन वर्षे आणि आठ लेख लागले असते.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षस्थानी द्यूमा होता. तोच, अणू हा शब्द पुसायला निघालेला. विषय होता सूत्रे लिहिण्याच्या पद्धतीचा. बर्झेलियसच्या जुन्या पद्धतीकडे परत जावे, अशी सूचना होती. कानिझारो उठला आणि बराच वेळ बोलला. परत जायचेच तर अर्ध्या वाटेवर थांबू नका, ॲव्होगाड्रोपर्यंत या, असा त्याचा एकंदर रोख. सेंद्रिय रसायन वेगळे आणि असेंद्रिय वेगळे, दोहोंचे अणू वेगळ्या मापाने मोजा, असली तडजोड त्याला मुळीच मान्य नव्हती. जवळजवळ तीस वर्षे उलटल्यावरही मेंडेलीव्हला त्या भाषणातला ठामपणा आठवत होता. १८८९ च्या आपल्या फॅरडे व्याख्यानात त्याने तो नमूद केला आहे.

मग निर्णय काय झाला? फारसा काही नाही. शास्त्रातले प्रश्न हात वर करून सुटत नाहीत, असे तिथेच बोलले गेले, आणि ते रास्तही होते. काही चिन्हांवर आडवी रेघ मारावी एवढ्यावर मंडळींचे जमले. इतिवृत्तापुरते पाहिले तर ही परिषद फसली, असेच कुणीही म्हणेल.

पण मंडळी उठता उठता पाव्हियाचा एक प्राध्यापक, आंजेलो पाव्हेसी, कानिझारोच्या त्या लेखाच्या पुस्तिका वाटू लागला. लोथर मायरने एक प्रत घेतली आणि वाटेत वाचावी म्हणून खिशात टाकली. घरी जाऊन ती पुन्हा वाचली, पुन्हा पुन्हा वाचली. तो लिहितो की, डोळ्यांवरचे पडळ गळून पडल्यासारखे झाले, शंका नाहीशा झाल्या, आणि त्यांच्या जागी एक शांत खात्री आली.

त्या पुस्तिकेत दोन वर्षांपूर्वीच्या लेखात नव्हते असे एक अक्षरही नव्हते. फरक पडला होता तो वाचणाऱ्यात. सभागृहात उभा राहून, सगळ्या थोरांच्या तोंडावर, एक तसूभरही मागे न हटणारा माणूस त्याने पाहिला होता. त्या माणसाचे लिखाण मग टाकून देता येत नाही. छापील कागद आपल्याकडे ढिगांनी येतात. त्यातला कोणता आधी उघडायचा हे ठरवतो तो बहुधा एखादा चेहरा. हल्ली घरबसल्या पडद्यावर दहा देशांतली माणसे दिसतात, मग प्रवासाचा खटाटोप आणि खर्च कशाला, असे माझे तरुण सहकारी विचारतात. पडद्याची सोय मी नाकारीत नाही; माझे नातवंड मला त्यावरच भेटते. पण पडद्यावरचे भाषण संपले की बटण दाबले जाते आणि खोली रिकामी होते. कार्ल्सरूहची खरी परिषद भाषण संपल्यावर, खुर्च्या सरकत असताना झाली.

पुढची हकिकत पाठ्यपुस्तकांतून आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८६४ साली मायरने रसायनशास्त्राच्या नव्या उपपत्तींवर ग्रंथ लिहिला. त्यात मूलद्रव्ये अणुभारांच्या क्रमाने लावलेला एक तक्ता होता. मेंडेलीव्हने तर परिषद संपताच आपल्या गुरूला पत्रातून सारा वृत्तान्त कळवला होता, आणि तो सेंट पीटर्सबर्गच्या वृत्तपत्रात छापूनही आला. १८६९ साली त्याने आपली आवर्तसारणी मांडली. हे दोघे स्वतंत्रपणे त्याच जागी पोचले, आणि दोघांच्या शिदोरीत कार्ल्सरूहचे अणुभार होते. कॅल्शियम वीस धरा, कार्बन सहा धरा, ऑक्सिजन आठ धरा, आणि मग मूलद्रव्ये क्रमाने लावून पाहा. काही केल्या त्यांच्यात नाते दिसत नाही. चाळीस, बारा, सोळा धरले की नात्यागोत्याची माणसे आपोआप एकाच पंक्तीला येऊन बसतात. १८८२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने डेव्ही पदक या दोघांना मिळून दिले.

सगळेच काही वळले नाहीत. फ्रान्समध्ये बर्थेलोसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ १८९० च्या सुमारापर्यंत तुल्यभारच धरून बसला होता. पाणी त्याच्या लेखी तोवर ‘एच-ओ’च होते, आणि तरी त्याच्या हातून एकाहून एक सरस प्रयोग होत होते! कानिझारो पुढे पालेर्मोला आणि १८७१ पासून रोमला गेला, इटलीच्या सिनेटचा सभासद झाला, आणि १९१० साली ८३ वर्षांचा होऊन वारला. १८९१ साली रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. त्याच वर्षी ती पुस्तिका जर्मन भाषेत, शास्त्रातल्या अभिजात लेखनाच्या एका मालेत निघाली. तिचे संपादन लोथर मायरने केले होते. वाटेत वाचायला म्हणून खिशात टाकलेल्या प्रतीची हकिकत त्याने सांगितली आहे ती याच आवृत्तीत, टिपणांत.